महाबली दप्तरावर, पुस्तके कुलुपात

विदर्भ वगळता महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात. त्याच सुमारास, ११ जूनला, साने गुरुजींचा स्मृतिदिन येतो. या योगाने मुलांच्या वाचनाविषयी चार शब्द बोलण्याची प्रथा आपल्या चळवळीत आहे. हे शब्द बहुधा हळहळीचे असतात. मुले वाचेनाशी झाली, परदेशी महाबलींच्या नादी लागली, श्यामच्या आईची जागा कोळ्यासारख्या भिंती चढणाऱ्या माणसाने घेतली, असा त्यांचा सूर असतो. ही हळहळ प्रामाणिक आहे. परंतु तिच्यात रोगाचे निदान चुकलेले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील मूल महाबलीच्या गोष्टी वाचून बिघडलेले नाही. त्याच्या हाती गोष्टच आलेली नाही. हा प्रश्न हक्काचा आणि वाटपाचा आहे, आणि म्हणूनच तो समाजवाद्यांचा आहे.

उमरगा तालुक्याचे उदाहरण घ्यावे. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. कर्नाटकाची सीमा येथून जवळ. मराठीबरोबर कानडी, दखनी उर्दू आणि तांड्यावरची बंजारा बोली येथल्या मुलांच्या कानावर रोज पडते. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत येथील बाजारपेठेत दप्तरे पाहावीत. त्यांवर स्पायडरमॅन असतो, सुपरमॅन असतो, आणि २००८ पासून दूरचित्रवाणीवर लाडू खाऊन बलवान होणारा छोटा भीमही असतो. हेच चेहरे कंपासपेटीवर, पाण्याच्या बाटलीवर, बनियनवर दिसतात. शेतमजुराचा मुलगा महाबलीला पाठीवर घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. परंतु या महाबलीची गोष्ट लिहिलेले एखादे पुस्तक त्याने पाहिले आहे काय? पुण्या-मुंबईच्या महागड्या इंग्रजी शाळांतील मुलास हाच महाबली पुस्तकरूपाने भेटतो. शाळेच्या आवारात पुस्तकांचे प्रदर्शन भरते आणि पालक पैसे मोजून पुस्तक घेऊन देतात. एकाला गोष्ट मिळते, दुसऱ्याला त्या गोष्टीची जाहिरात मिळते. वर्गभेद मुलांच्या कल्पनासृष्टीत कसा शिरतो, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

ही पुस्तके कोणत्या प्रकारची असतात, हे जाणून घेणे आवश्यक आहे. कारण आपल्याकडील टीकाकार चित्रमालिका, चित्रपट आणि पुस्तक यांना एकाच मापाने मोजतात. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लहान लहान प्रकरणांत लिहिलेल्या या छोट्या कादंबऱ्या होत. अक्षर मोठे, वाक्ये आटोपशीर, मधून मधून एखादे चित्र, आणि प्रकरणाच्या शेवटी पुढले पान उलटायला लावणारी उत्कंठा, अशी त्यांची रचना असते. चित्रांची पुस्तके संपवून मोठ्या मजकुराकडे वळताना पुष्कळ मुले वाटेतच थबकतात. अक्षरओळख झालेली असते, पण पाऊणशे पानांचे पुस्तक पाहून छाती दडपते. अशा वेळी ओळखीचा नायक बोट धरून पुढे नेतो. अमेरिकन लेखक डेव्ह पिल्की याला लहानपणी वाचन फार जड जाई. शिक्षक त्याला वर्गाबाहेर बसवीत आणि तेथे तो चित्रे काढीत बसे. त्याने १९९७ मध्ये 'कॅप्टन अंडरपँट्स' ही महाबलींची थट्टा करणारी पुस्तकमालिका सुरू केली. वाचनाचा कंटाळा असलेल्या असंख्य मुलांना पुस्तकाची गोडी या खट्याळ मालिकेने लावली. गोडी कोणत्या पुस्तकाने लागली याला फार महत्त्व नाही. एकदा ती लागली की मूल पुढचा रस्ता स्वतः शोधते.

महाबली ही मुळात भांडवलशाहीची निर्मिती आहे, असे आपल्यातील काही साथी म्हणतात. इतिहास मात्र अधिक बोधप्रद आहे. सुपरमॅन १९३८ मध्ये अवतरला. जेरी सिगेल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंड शहरातील दोन तरुण त्याचे जनक. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांत जन्मलेले. अमेरिका तेव्हा मंदीत होरपळत होती. त्या पहिल्या वर्षातील सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नव्हता. एका गोष्टीत तो खाणकामगाराचा वेष घेतो, खाणमालकाला आणि त्याच्या चैनी पाहुण्यांना खाणीतच कोंडतो आणि सुरक्षिततेची साधने निकामी ठेवल्यावर मजुरांवर काय प्रसंग गुदरतो, याचा अनुभव त्यांना देतो. ही कल्पना मंदीत वाढलेल्या गरीब पोरांनाच सुचू शकते. पुढे काय झाले? या नायकावरचे सर्व हक्क दोघांनी १३० डॉलरला विकले होते. कंपन्यांनी त्यावर अमाप पैसा मिळवला. जनकांच्या वाट्याला कोर्टकचेऱ्या आल्या. १९७५ पर्यंत सिगेल कारकुनी करून पोट भरीत होता आणि शुस्टरची दृष्टी अधू झाली होती. व्यंगचित्रकारांनी जाहीर मोहीम उघडली, तेव्हा कुठे वर्षाला वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नावाचा उल्लेख एवढे त्यांच्या पदरात पडले. उलट २००९ मध्ये डिस्ने कंपनीने स्पायडरमॅन आदींची मालक असलेली मार्व्हल कंपनी सुमारे चारशे कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार केला. तात्पर्य एवढेच की नायक कष्टकऱ्यांच्या पोरांनी घडवला आणि मालकांनी पळवला. खाणमालकाला धडा शिकवणारा सुपरमॅन हळूहळू मालमत्तेचा पहारेकरी बनला.

मग अशा पुस्तकांवर बंदी घालावी काय? हा प्रयोगही अमेरिकेत होऊन गेला आहे. १९५४ मध्ये डॉक्टर फ्रेडरिक वर्थॅम यांच्या पुस्तकाने खळबळ उडवली, सिनेटच्या समितीने चौकशी केली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता पत्करली. तिने भीषण चित्रांना आळा घातला हे खरे; पण त्याचबरोबर पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असे चित्रण करू नये, असेही कलम तिच्यात होते. खाणमालकाला जाब विचारणारी गोष्ट अशा नियमात कशी बसणार? पिल्कीची पुस्तकेही २०१२ आणि २०१३ या दोन्ही वर्षी अमेरिकेतील ग्रंथालयांत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत अग्रभागी होती. त्यांतील मुले मुख्याध्यापकांची फजिती करतात, ही बाब पुष्कळांना खुपली. मुलांच्या रक्षणासाठी म्हणून आणलेली बंदी शेवटी अधिकाराचे रक्षण करते. आणीबाणीत सेन्सॉरशिपशी झुंजलेल्या चळवळीला हे निराळे सांगावयास नको.

तथापि महाबलीच्या गोष्टीवर आपला एक मूलभूत आक्षेप आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. या गोष्टींत बहुधा एकटा नायक जग वाचवतो आणि उरलेले सारे जग तोंड वासून पाहत राहते. मराठी वाचकांना याची ओळख जुनी आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून वेताळ आपल्या घराघरांत पोहोचला. आफ्रिकेची आठवण करून देणाऱ्या जंगलातला हा गोरा पुरुष काळ्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रक्षक! त्या लोकांनी स्वतःचे रक्षण करण्याची वेळ कथेत फारशी येतच नाही. ज्या काळात आफ्रिकेतील राष्ट्रे एकामागून एक स्वतंत्र होत होती, त्याच काळात आपली मुले ही गोष्ट आवडीने वाचत होती. अशा गोष्टीची सवय मोठेपणीही सुटत नाही. संकट आले की तारणहाराची वाट पाहायची, तो आला की त्याच्यापुढे हात जोडायचे, हीच राजकारणातील रीत ठरते. राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो मोठ्यांसाठी होता. पण विभूतिपूजेचे पहिले धडे बालपणीच गिरवले जातात, हे विसरून चालणार नाही.

या आक्षेपाला उत्तर एकच, अधिक चांगली गोष्ट. आणि या बाबतीत मराठी काही दरिद्री नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी 'गोड गोष्टी' या मालेत जगातील थोर कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या, याची आठवण कमी ठेवली जाते. जॉर्ज इलियटचा विणकर त्यांच्याकडे 'मनूबाबा' झाला आणि व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी 'दुःखी' या नावाने अवतरली. परदेशी गोष्ट वर्ज्य आहे, असे गुरुजींना कधी वाटले नाही. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड होते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाला विद्वानांनी दारात उभे केले नाही. तथापि हजारो सामान्य मराठी माणसांना पुस्तकाची चटक त्यांनीच लावली.

या दोहोंच्या मधली वाट भा. रा. भागवतांनी (१९१०-२००१) शोधली. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठी मुलांपुढे ठेवणाऱ्या या लेखकाने फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे घडवला. वीस पुस्तकांच्या या मालिकेतील नायक अंगाने काडीसारखा आहे. तो उडत नाही; सायकल चालवतो. त्याच्यापाशी मंतरलेली अंगठी वा पोलादी देह नाही. चौकस डोळे, चपळ पाय आणि अन्याय दिसला की गप्प न बसण्याची खोड आहे. तो फसतो, मार खातो, मित्रांची मदत घेतो. १९८७ मध्ये दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि २०१७ मध्ये चित्रपट निघाला, यावरून त्याचे आयुष्य किती चिवट आहे हे दिसते. महाबलीच्या गोष्टीतील सारी उत्कंठा भागवतांनी ठेवली आणि तिच्यातील दैवी शक्ती तेवढी काढून घेतली. लोकशाहीला साजेसा नायक असाच असावा.

परंतु फास्टर फेणेचे घर फुरसुंगीत आणि शाळा पुण्यात. ना. धों. ताम्हनकरांचे गोट्या आणि चिंगी यांचे जगही पांढरपेशा घरांचेच. आपल्या बालसाहित्यातील लोकप्रिय नायकांचा नकाशा काढला, तर तो बहुतांशी पुणे, मुंबई आणि कोकण या भागांत भरलेला दिसेल. नायकांत मुली थोड्या आणि दलित, मुस्लिम वा भटक्या जमातींतील मुले त्याहून थोडी. तांड्यावरच्या मुलीला आपल्यासारखी नायिका कोणत्या पुस्तकात भेटेल? ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर कोपीवर गेलेला मुलगा एखाद्या कादंबरीचा नायक झाला, तर त्याची साहसे काही कमी चित्तथरारक ठरणार नाहीत.

सामग्रीची वाण मुळीच नाही. याच परिसरात, आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे, १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि सभासंमेलनांवर सरकारची करडी नजर होती. अशा वेळी एका खेड्याने शाळा चालवली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून सर्व संस्थानाला ठाऊक झाले. शाळा चालवणे हेच जेथे धाडस होते, तेथील विद्यार्थ्यांची गोष्ट मुलांसाठी कोणी प्रकरणाप्रकरणाने लिहिली, तर ती कोणत्या साहसकथेहून फिकी पडेल?

दुसरे उदाहरण सर्वांच्या आठवणीतले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. गावे झोपेत होती. औसा आणि उमरगा या तालुक्यांत घरांच्या दगडी भिंती कोसळून सुमारे आठ हजार माणसे मेली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या दिवशी जगभर गेली. आकाशातून कोणीही उतरले नाही. वाचलेल्यांनीच हातांनी दगड उपसले, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना बाहेर काढले, आणि मग गावोगावचे स्वयंसेवक, डॉक्टर आणि जवान धावून आले. राष्ट्र सेवा दलाने पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने याच महामार्गावरील नळदुर्ग येथे पोरक्या मुलांसाठी 'आपलं घर' उभे केले. संकटात माणसे कशी वाचतात, याचे खरे उत्तर या इतिहासात आहे. ती पुष्कळांच्या हातांनी वाचतात. हे उत्तर दहा वर्षांच्या मुलाला भाषणातून कळणार नाही. रंगलेल्या गोष्टीतून सहज कळेल.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गोष्ट लिहिली, छापली, तरी ती मुलापर्यंत पोहोचणार कशी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे नमूद आहे. गोष्टींची पुस्तके हा शब्द कायद्यात आहे, याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळांच्या ग्रंथालयांसाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांची तरतूद करण्यात आली. असे असता अनेक शाळांत ग्रंथालय म्हणजे एक कपाट आणि कपाट म्हणजे एक कुलूप, अशीच स्थिती आढळते. पुस्तक हरवले वा फाटले तर जबाबदारी आपल्यावर येईल, या भीतीने शिक्षक ते बाहेर काढत नाहीत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण पुस्तकाच्या झिजेला गुन्हा मानणारी दप्तरदिरंगाईची व्यवस्था त्यांनी निर्माण केलेली नाही. वाचून फाटलेले पुस्तक हा शाळेच्या यशाचा पुरावा मानला पाहिजे आणि तशी स्पष्ट नोंद साठावहीच्या नियमांत झाली पाहिजे.

त्यातच कपाट असलेली शाळाच टिकेल की नाही, हा प्रश्न उभा राहिला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून दुसऱ्या शाळांत मिळवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा स्थापण्यासाठी प्रस्ताव मागविण्यात आले. हिशेबनिसाच्या नजरेला पट दिसतो. वाडीवरची शाळा हे त्या वाडीतील पुस्तकांचे एकमेव घर असते, ही गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नाही. शाळा गेली की मुलीची शाळा आधी सुटते आणि गोष्टीचे पुस्तक तर कायमचे दुरावते.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे असे आहे. महाबलीविरुद्ध व्याख्याने देण्यात उन्हाळा घालवू नये. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्याने या समितीला दिला आहे. आपल्या गावच्या समितीत बसावे, ग्रंथालयाच्या अनुदानाचा हिशेब मागावा आणि मुलांनी निवडलेल्या पुस्तकांची यादी आराखड्यात घालावी. त्या यादीत फास्टर फेणे असावा, मनूबाबा असावा, बालभारतीचे १९७१ पासून निघणारे 'किशोर' असावे, कानडी आणि उर्दू पुस्तके असावीत, आणि मुलांनी मागितला तर स्पायडरमॅनही असावा. 'साधना'ने २००८ पासून बालकुमार दिवाळी अंक काढून तो शाळाशाळांत पोहोचवण्याचा जो प्रयत्न केला, तसे प्रयत्न तालुक्यातालुक्यांत व्हावेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबरोबर पुस्तकांची एक पेटी जाईल, अशी व्यवस्था पक्षाच्या तालुका शाखांना अशक्य नाही. आणि ज्यांच्या हाती लेखणी आहे, त्यांनी हिप्परग्याच्या शाळेची आणि सास्तूरच्या त्या पहाटेची गोष्ट मुलांसाठी लिहावी. उपदेश टाळून, उत्कंठा राखून लिहावी.

हे काम लहान वाटेल. मोर्चाची बातमी होते, पुस्तकाच्या पेटीची होत नाही. परंतु ज्या मुलाने साहसाची गोष्ट स्वतः वाचली, त्याला आपणही काही करू शकतो, असे वाटू लागते. आणि ज्याला असे वाटते तो तारणहाराची वाट पाहत बसत नाही. समाजवादाला असेच नागरिक हवे आहेत. ते घडवायचे असतील, तर या वर्षी प्रत्येक शाखेने निदान एका शाळेतील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप काढायला लावावे.